पर्वतीच्या पायऱ्या



पुण्यात पहिल्यांदा येणाऱ्याने शनिवारवाड्याच्याही आधी पर्वती चढावी, असा माझा आग्रह असतो. पायऱ्या शंभरावर आहेत, पण रुंद आणि बुटक्या. दम लागला तर बिनधास्त टेकावं, मागून येणारे बाजूने जातात.

वर देवदेवेश्वराचं मंदिर आहे. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं हे देऊळ 1749 मध्ये पूर्ण झालं. दर्शन घ्या, कार्तिकस्वामी आणि विष्णूची देवळं पाहा, आणि मग तटाशी या. पायथ्याला सारसबाग दिसते. आज हिरवळ आहे तिथे पूर्वी तळं होतं आणि गणपती त्यातल्या बेटावर होता. तळं गेलं, तरी पुणेकरांच्या तोंडी तो तळ्यातला गणपतीच आहे. नैर्ऋत्येला सिंहगड, उत्तरेला जुन्या पेठा आणि त्यांच्याही पलीकडे खडकी.

डोळे निवावेत असं हे दृश्य. पण या टेकडीने दुःखही पुष्कळ पाहिलं. पानिपतावर मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव गमावलेल्या नानासाहेबांनी 23 जून 1761 रोजी इथेच प्राण सोडला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला सेनापती बापू गोखल्यांची फौज इंग्रजांशी लढत होती, तेव्हा पेशवे दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती लढाई पाहत होते. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

पर्वतीची गोष्ट बहुधा इथे संपवली जाते. मला मात्र पुढचं सांगायचं आहे, आणि ते या पायऱ्यांवर घडलेलं आहे. या देवळात दलितांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून ऑक्टोबर 1929 मध्ये पर्वती सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी देवळाकडे निघाले. एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुणही त्यांच्याबरोबर होते. मागणी साधी होती: इतरांसारखं आम्हालाही देवापुढे उभं राहू द्या. समोर दरवाजे बंद झाले, दगड आले, माणसं जखमी झाली. देऊळ उघडलं नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला 1947 साल उजाडावं लागलं.

म्हणून मला वाटतं, पर्वतीचा इतिहास वरून लढाई पाहणाऱ्यांचा जेवढा आहे, तेवढाच पायऱ्यांवर अडवलेल्यांचा आहे. आज कोणत्याही घरातलं मूल त्या तटाशी उभं राहून सारं पुणे न्याहाळू शकतं. हा हक्क आपोआप आलेला नाही, त्यासाठी लोकांनी इथे मार खाल्ला आहे.

या रविवारी मुलांना घेऊन जा. वरून खडकीची दिशा जरूर दाखवा. उतरताना एखाद्या पायरीवर बसा आणि 1929 ची हकिकतही सांगा. पेशव्यांची नावं मुलांना पाठ्यपुस्तकात भेटतातच. कांबळे आणि राजभोज ही नावं त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या.