छायाचित्रणविद्येचा उगम व त्यापासून घ्यावयाचा बोध

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे सारे आयुष्य शाळेतील फळ्यासमोर गेले. त्यामुळे व्याख्यान देण्यास उभे राहिलो तरी आमच्या हातून धडाच घडावयाचा. तो श्रोत्यांनी गोड मानून घ्यावा, एवढीच विनंती.

आजचा धडा छायाचित्रणविद्येचा आहे. हल्ली लहान मूलदेखील मोबाइल हाती येताच क्षणात दहा छायाचित्रे काढून मोकळे होते. ज्या वस्तूचा सुकाळ होतो तिच्या उगमाचा विसर पडतो, हा जगाचा न्यायच आहे. परंतु ही विद्या अवतरण्यापूर्वी राजेरजवाडे आणि धनिक यांच्याखेरीज फारच थोड्यांची मुद्रा चित्ररूपाने मागे उरत असे. सामान्य गृहस्थ गेला की त्याचा चेहराही पाहणाऱ्यांच्या आठवणीबरोबर लोपत असे. ही स्थिती ज्या विद्येने पालटली, ती कोणी, कशी आणि कोणत्या कष्टाने सिद्ध केली हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

कोणत्याही विद्येच्या तीन पायऱ्या असतात : ग्रहण, धारण आणि वितरण. विद्यार्थी ऐकतो ते ग्रहण, ध्यानात ठेवतो ते धारण आणि दुसऱ्यास शिकवितो ते वितरण. छायाचित्रणाचा इतिहास नेमका याच तीन पायऱ्या चढून वर आलेला आहे.

पहिली पायरी ग्रहणाची. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीस बारीक छिद्र असले, तर बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर उमटते. इब्न अल-हैथम या अरब पंडिताने सुमारे १००० वर्षांपूर्वी प्रकाशाच्या या वर्तनाची चिकित्सा केली होती. आम्ही शाळेत असताना खडूच्या रिकाम्या खोक्यास एका बाजूने टाचणीने भोक पाडून दुसऱ्या बाजूस तेल लावलेला कागद चिकटवीत असू. त्या कागदावर पटांगणातील वड उलटा झालेला पाहून मुले आनंदाने ओरडत. मात्र खोका फिरविला की वड नाहीसा! युरोपातील चित्रकार अशाच पेटीत भिंग बसवून प्रतिमा हाताने गिरवून घेत. याच पेटीस 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी कोठडी, असे नाव होते. आपण आज म्हणतो तो 'कॅमेरा' हा त्या नावाचाच अर्धा भाग होय.

म्हणजे प्रतिमा ग्रहण करण्याचे साधन फार जुने. अडले होते ते दुसऱ्या पायरीवर, धारणावर. चांदीचे काही क्षार उजेडात काळे पडतात हे ठाऊक होते, आणि हा परिणाम उष्णतेचा नसून प्रकाशाचा आहे हे शुल्त्से या जर्मन विद्वानाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगाने दाखविले होते. पुढे इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड याने चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर व कातड्यावर झाडाची पाने ठेवून त्यांचे ठसे उमटविले. १८०२ साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण हे ठसे दिवसा पाहावयास काढले की उरलेला क्षारही काळा पडे आणि चित्र बुडून जाई. म्हणून ते मेणबत्तीच्या मंद उजेडात चोरून पाहावे लागत. आजचा पाठ उद्या विसरणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी, अशी ही अवस्था होती.

ही अडचण प्रथम ज्याने ओलांडली तो फ्रान्समधील निसेफोर निएप्स. त्याने चांदीचा नाद तात्पुरता सोडून एका जातीचे डांबर घेतले. हे डांबर प्रकाश लागला की कडक होते, आणि जेथे प्रकाश लागत नाही तेथे लव्हेंडरच्या तेलात विरघळून धुऊन जाते. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याचा थर देऊन निएप्सने तो पत्रा कॅमेऱ्यात बसविला व आपल्या गावच्या घराच्या खिडकीतून बाहेरचे दृश्य टिपले. हा काळ १८२६ किंवा १८२७ चा. निदान आठ तास तरी पत्रा प्रकाशात ठेवावा लागला असावा. त्या चित्रात समोरासमोरच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते, कारण चित्र पुरे होईतो सूर्यच आकाशाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला होता. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले हे सर्वांत जुने छायाचित्र होय.

१८२९ साली निएप्सने पॅरिसच्या लुई दागेर या नाट्यगृहांचे पडदे रंगविणाऱ्या कुशल चित्रकाराशी भागीदारी केली. १८३३ साली निएप्स निवर्तला. दागेरने कार्य पुढे चालविले. चांदीचा मुलामा दिलेला, आरशासारखा घासलेला तांब्याचा पत्रा तो आयोडीनच्या वाफेवर धरी. नंतर कॅमेऱ्यात प्रकाश देऊन पाऱ्याच्या वाफेवर धरला की अदृश्य असलेले चित्र हळूहळू प्रकट होई. आठ तासांचे काम आता काही मिनिटांवर आले. ७ जानेवारी १८३९ रोजी आरागो या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान-परिषदेत ही वार्ता जाहीर केली. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षास ६,००० फ्रँक आणि निएप्सच्या पुत्रास ४,००० फ्रँक आजन्म देण्याचे ठरवून ही विद्या विकत घेतली, आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी ती सर्व जगास खुली केली. मात्र इंग्लंडमध्ये दागेरच्या वतीने पाचच दिवस आधी पेटंट घेण्यात आले होते, हेही सत्यास धरून सांगितले पाहिजे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट नावाचे विद्वान गृहस्थ स्वतंत्रपणे खपत होते. १८३३ साली इटलीतील कोमो सरोवराच्या काठी चित्र काढताना हात साधेना, तेव्हा निसर्गानेच आपले चित्र कागदावर लिहिले तर किती बरे, असा विचार त्यांच्या मनात आला. १८३५ साली त्यांनी आपल्या वाड्याच्या खिडकीचे चित्र कागदावर मिळविले. ते उलट्या छायेचे होते, म्हणजे उजेड तेथे काळे व काळोख तेथे पांढरे. हेच ते 'निगेटिव्ह'. दागेरचा पत्रा दिसावयास अतिसुंदर, पण एकुलता एक. टॅल्बटच्या एका निगेटिव्हवरून मात्र हव्या तितक्या प्रती निघू शकत. वितरणाची तिसरी पायरी येथे सुरू झाली.

धारणाचा प्रश्न पूर्णपणे सोडविण्याचे श्रेय मात्र सर जॉन हर्शेल यांस दिले पाहिजे. चांदीचे क्षार 'हायपो'त विरघळतात हे त्यांनी १८१९ सालीच शोधले होते. वीस वर्षांनी छायाचित्रणाची वार्ता कानी येताच त्यांना त्या जुन्या ज्ञानाचा उपयोग सुचला. चित्र हायपोत बुडविले की न वापरलेला क्षार निघून जातो आणि पुढे कितीही उजेड लागला तरी चित्र काळवंडत नाही. हा शोध त्यांनी झाकून ठेविला नाही, विचारील त्यास सांगितला. 'फोटोग्राफी' म्हणजे प्रकाशलेखन हा शब्द १८३९ साली त्यांनीच रूढ केला व पुढे 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' ही नावेही त्यांनीच दिली. मुलांनी येथे ध्यानात ठेवावे की, आज निरुपयोगी वाटलेले ज्ञान वीस वर्षांनीही कामास येते.

आता वितरणाचा मुद्दा थोडा विस्ताराने पाहू, कारण आमच्या मते खरा बोध तेथेच आहे. टॅल्बटनी आपल्या सुधारलेल्या कृतीचे १८४१ साली पेटंट घेतले. स्वतःच्या श्रमाचे मोल मागणे हा गुन्हा नव्हे. पण परवान्याच्या जाचामुळे त्यांची पद्धती त्यांच्याच देशात मंद गतीने पसरली. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या लंडनच्या मूर्तिकाराने काचेवर कोलोडियनचा चिकट थर देऊन निगेटिव्ह करण्याची रीत शोधली. कागदाचे तंतू आड येत नसल्याने चित्र काचेसारखे स्वच्छ, आणि वेळ अवघ्या काही सेकंदांचा! आर्चरने पेटंट घेतले नाही. सारी कृती एका रसायनविषयक मासिकात छापून टाकली. टॅल्बटनी ही रीतही आपल्याच पेटंटात येते असा दावा केला. परंतु डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या न्यायालयात पंचांनी तो मानला नाही. तेथून पुढे ही विद्या गावोगाव पोहोचली.

आणि आर्चरचे काय झाले? १८५७ साली, पंचेचाळिशीही न गाठता, तो दारिद्र्यात वारला. त्याच्या रीतीवर शेकडो धंदेवाईकांनी पैसा केला. त्याच्या कुटुंबासाठी मात्र वर्गणी जमवावी लागली व पुढे मुलांस सरकारने अल्पसे वेतन दिले. दागेरने विद्या दिली तेव्हा राष्ट्राने त्याचा योगक्षेम आधी पाहिला. आर्चरने दिली तेव्हा समाजास त्याची आठवण तो गेल्यावर झाली.

खुल्या झालेल्या विद्येने जगाचे किती हित केले, हे थोडक्यात सांगतो. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या विदुषीने १८४३ पासून समुद्रशेवाळांच्या प्रकाशठशांचे पुस्तक काढण्यास आरंभ केला. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानतात, आणि ते एका स्त्रीच्या हातून झाले हे आमच्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. १८५५ साली रॉजर फेंटन याने क्रिमियाच्या रणभूमीवर एका दारूविक्याची गाडी अंधारी खोली म्हणून नेली. कारण काच ओली आहे तोवरच सारी क्रिया उरकावी लागे. १८६० च्या खग्रास सूर्यग्रहणात स्पेनमध्ये घेतलेल्या छायाचित्रांवरून ग्रहणाच्या वेळी दिसणाऱ्या तांबूस ज्वाळा चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत हे सिद्ध झाले. १८६१ साली मॅक्सवेल यांनी तीन रंगांच्या योगाने रंगीत चित्र पडद्यावर दाखविले. १८७१ साली मॅडॉक्स या वैद्याने कोरड्या काचेची रीत शोधली, तीही पेटंटावाचून जगास दिली, आणि ओल्या काचेचा त्रास संपण्याचा मार्ग खुला झाला.

आपल्या मुंबईनेही या कामी विलंब केला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील सोसायट्या त्यानंतरच्या, १८५६ च्या. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून छायाचित्रण करीत व सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. पॅरिसमध्ये प्रकट झालेली विद्या सोळा वर्षांच्या आत मुंबईच्या विद्यार्थ्यांना वर्गात मिळू लागली. ती कुलुपात राहिली असती तर हे घडते ना.

आता बोधाकडे वळतो. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. चित्रास काही मिनिटे लागत असल्याने चालती माणसे व धावत्या गाड्या त्यात उमटल्याच नाहीत; भर दिवसा रस्ता ओस दिसतो. फक्त एक गृहस्थ बूट पुसून घेण्यासाठी स्थिर उभा होता, तो तेवढा उमटला. छायाचित्रात आलेला तो पहिला मनुष्य मानतात. त्याचे नाव मात्र कोणासच ठाऊक नाही, आणि त्याच्या पायाशी बसून बूट पुसणाऱ्याचेही नाही.

याउलट निएप्सच्या पत्र्याची कथा पाहा. १८२७ साली निएप्सने तो इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बाउअर या वनस्पतिचित्रकाराजवळ दिला. पुढे तो हातोहाती गेला व विस्मृतीत पडला. १९५२ साली इतिहाससंशोधक हेल्मुट गर्नशाइम यांनी तो एका जुन्या ट्रंकेतून शोधून काढला. चित्र इतके अंधुक की तिरपे धरल्यावाचून दिसत नाही. परंतु बाउअर यांनी त्याच्या पाठीमागे निएप्सचे नाव व साल लिहून ठेविले होते! आज तो पत्रा अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात सन्मानाने ठेविलेला आहे.

बंधुभगिनींनो, आपल्याही घरोघरी ट्रंका आहेत. त्यांत आजोबा-पणजोबांची, लग्नकार्यांची, मंडळाच्या जुन्या संमेलनांची छायाचित्रे आहेत. 'पगडीवाले ते कोण?' असे विचारता आज उत्तर देणारी एखादी आजी घरात असेल. दहा वर्षांनी ती नसेल. प्रकाशाने मुद्रा लिहिली, नाव लिहिण्याचे काम आपले आहे. दिवाळीच्या सुटीत मुलांनी वडील माणसांजवळ बसावे, प्रत्येक चित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहावे, आणि ती चित्रे ऊन व ओल यांपासून दूर ठेवावीत. मोबाइलमधील चित्रांसही हेच लागू आहे. हजार निनावी चित्रांपेक्षा नाव असलेली दहा चित्रे पुढच्या पिढीस अधिक मोलाची होत.

दुसरी विनंती मंडळास. आपल्या ज्ञातीतही आर्चरसारखी माणसे असतात. कोणी मुलांना फुकट शिकवितो, कोणी हातची कला शेजाऱ्यास दाखवितो, आणि स्वतःच्या संसाराची ओढाताण बाहेर दिसू देत नाही. त्यांच्या कुटुंबासाठी वर्गणी काढण्याची वेळ येण्यापूर्वीच त्यांची विचारपूस व्हावी. मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीस जोडूनच अशा शिकविणाऱ्यांसाठी एक लहानसा निधी ठेविला, तर ते मंडळास भूषणावह होईल.

ग्रहण प्रकाश करतो. धारण व वितरण ही मनुष्याची कर्तव्ये आहेत. ती आपल्या हातून घडोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.