आठवड्याची गोळी

माला-डी सगळ्यांना माहीत. 'छाया' मात्र नावाप्रमाणे सावलीतच राहिली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गर्भनिरोधक गोळी. हिच्यात हॉर्मोन नाहीत, त्यामुळे अंगावर पिणारं बाळ असलं तरी चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. तो रविवार असेल, तर पहिले ३ महिने दर रविवारी आणि बुधवारी एकेक. पुढे फक्त रविवारी. मध्ये पाळी आली तरी वार बदलायचा नाही. गोंधळ होतो तो इथेच! सुरुवातीला पाळी लांबू शकते. १५ दिवसांच्या वर गेली तर मात्र तपासून घ्या. पीसीओडी किंवा कावीळ असेल, तर ही गोळी नको. आशाताईंना विचारा; सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.