लेकराची उंची सहा महिन्यांनी मोजा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्यसेविका ताईंनी सांगितलेली माहिती)



मागच्या सभेत एक ताई म्हणाल्या, "पोरगी नऊ वर्षांची झाली, पण दोन वर्षांपासून तोच फ्रॉक होते. सासूबाई म्हणतात, आईवरच गेली." म्हणून आज उंचीवर बोलते.

ठेंगणं असणं हा आजार नाही. आईवडील ठेंगणे असले तर लेकरूही बहुधा तसंच राहते. पण तेही दरवर्षी वाढलं पाहिजे. चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढते. 4 सेंटीमीटरही वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

मोजायचं कसं? चप्पल काढा, टाचा आणि पाठ भिंतीला लावा, डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करा. शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

वाढ थांबण्याची कारणं पुष्कळ. कमी आहार, रक्त कमी, थायरॉइड, आपल्या विदर्भात सिकलसेलसुद्धा. काही मुलांच्या मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीतून ग्रोथ हार्मोनच कमी येते. अशा मुलांना त्याचं इंजेक्शन देतात. टर्नर हा मुलींमधला जन्मजात दोष, त्यातही ते उपयोगी पडते. ते बहुधा रोज, काही वर्षं घ्यावं लागते आणि महाग आहे. म्हणून आधी रक्त तपासतात, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. प्रत्येक ठेंगण्या मुलाला ते लागत नाही.

पण वेळ महत्त्वाची. हाडांची टोकं जुळली की इंजेक्शनानंही उंची वाढत नाही. पाळी सुरू झाल्यावर मुलगी थोडीच वाढते. "लग्नाच्या वेळी पाहू" म्हणाल तर उशीर झालेला असेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्यांना भिंतीवरचे आकडे दाखवा. ते पुढे पाठवतील. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्समध्ये बालरोग विभाग आहेत.

आणि एक सांगते. उंची वाढवायच्या पावडरीसाठी गटातून कर्ज उचलू नका. तो पैसा तपासणीला ठेवा.

पुढच्या सभेला येताना लेकरांची उंची आणि तारीख वहीत लिहून आणा. मुलींची आधी.