आईच्या माथी मारलेला आजार

मुलगी जेवत नाही म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न मुलीला कुणी विचारत नाही. तो आईला विचारतात. डब्यात काय देतेस? घरी असतेस तरी कधी? लाडावून ठेवलीस ना? पोरीच्या गालांची हाडं वर आलेली असतात आणि आई नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना हिशेब देत बसते.

यात आपणच तेवढे मागासलेले, असं मात्र समजू नका. लंडनचे नामांकित डॉक्टर सर विल्यम गल यांनी १८७३-७४ च्या सुमारास अन्न टाकण्याच्या या आजाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं. नावातच चूक झाली म्हणायची, कारण या मुलींना भूक बहुधा लागते. त्या ती मारतात. गलसाहेबांनी सल्लाही देऊन ठेवला, की अशा रोग्याच्या शुश्रूषेला नातेवाईक सगळ्यांत वाईट. पुढं शंभर वर्षं तोच सूर राहिला. आई फार धाकात ठेवते, घरातली माणसं एकमेकांत फार गुंतलेली असतात, म्हणून मुलगी अन्न टाकते, असं मोठमोठे तज्ज्ञ लिहीत राहिले. आणि हा आजार साधा नाही. मनाच्या आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांमध्ये त्याची गणना होते. मुलगी गमावायची आणि वर ठपकाही घ्यायचा, असं त्या आयांच्या वाट्याला आलं.

आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या सिंथिया ब्यूलिक या मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आणि स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्या प्राध्यापक आहेत. मानसशास्त्रज्ञ म्हटलं की खुर्ची, कोच आणि बालपणीच्या आठवणी डोळ्यांसमोर येतात. या बाईंनी वेगळाच रस्ता धरला. त्या जुळ्यांकडे गेल्या.

स्वीडनमध्ये जुळ्यांची सरकारदरबारी असावी तशी पद्धतशीर नोंद ठेवलेली आहे. तिच्यातल्या तीस हजारांहून अधिक जणांची माहिती ब्यूलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. विचार सोपा आहे. एकसारखी जुळी आणि वेगवेगळी जुळी, दोघंही एकाच घरात, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढतात. आजाराचं मूळ आईच्या वागण्यातच असेल, तर दोन्ही जोड्यांत तो सारखाच जुळायला हवा. तसं दिसलं नाही. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: अ‍ॅनोरेक्सियाची जोखीम माणसामाणसांत कमीजास्त असते, त्या फरकातला सुमारे ५६ टक्के वाटा आनुवंशिक आहे. म्हणजे शंभरातल्या ५६ मुलींना आजार होतो असं नव्हे, हे आवर्जून सांगते. कारण असे आकडे घरी पोचेपर्यंत त्यांचं काहीतरी भलतंच होतं.

मग प्रश्न आला, कुठली जनुकं? त्यासाठी हजारो रुग्णांचे नमुने लागतात. त्यांनी अमेरिका, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या रुग्णांना हाक दिली, आणि आजारातून उठलेल्या, अजून झगडणाऱ्या हजारो जणींनी, काही पुरुषांनीही, रक्त दिलं. २०१९ मध्ये सतरा देशांतल्या १६,९९२ रुग्णांचा आणि ५५,५२५ निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकसंचात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्याहून मोठी गोष्ट पुढंच आहे. या आजाराचा आनुवंशिक धागा मंत्रचळ, नैराश्य, चिंता यांच्याशी जुळला, ते अपेक्षितच होतं. पण तो इन्सुलिन, शरीरातली चरबी, मधुमेह यांच्याशीही जुळला. म्हणजे हा मनाचा आजार तर आहेच, तो चयापचयाचाही असावा.

दवाखान्यात महिनोन्‌महिने खाऊ घालून वजन वाढवलेली मुलगी घरी येते आणि पुन्हा उतरणीला लागते. याला सगळे हट्ट म्हणत आले. ब्यूलिक म्हणतात, तुम्हीआम्ही उपाशी राहिलो की चिडतो. यांना उपाशीपोटी शांत वाटतं. शरीरच तिला खाली ओढत असेल, तर हट्टी कोण?

संशोधकाचं वजन करायची विद्यापीठांची रीत ठरलेली आहे: कितीजणांनी निबंधाचा हवाला दिला ते मोजायचं. त्या तराजूत ब्यूलिकबाईंचं पारडं जड आहेच. मला मोठा वाटतो तो दुसराच परिणाम. २०१४ मधल्या त्यांच्या भाषणातून खाण्याशी जोडलेल्या आजारांबद्दलची नऊ सत्यं तयार झाली, आणि ती पुढं देशोदेशी पोचली. त्यातलं दुसरं सत्य असं, की दोष घरच्यांचा नाही. उलट उपचारात तेच सर्वांत जवळचे साथीदार होऊ शकतात.

साथीदार म्हणजे कसे, ते लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधीच दाखवलं होतं. हे श्रेय त्यांचं. तिथून निघालेल्या उपचारपद्धतीत सगळं घर जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात येतं. आई-वडील वाढतात, मुलगी ताट सरकवते. शेजारी बसलेले तज्ज्ञ आई-वडिलांनाच शिकवतात: रागवू नका, विनवू नका, उठू नका. ती जेवढं खायचं ठरवून आली आहे, त्याहून एक घास जास्त. बस्स, एकच. चिऊ-काऊच्या नावानं भरवणाऱ्या बाईला हे काम नवं नाही. तिच्या हातातून ते काढून घेतलं होतं, एवढंच.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. २०१९ च्या त्या विश्लेषणातले लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्या मुलींचं रक्त त्यात नाही.

आणि आपल्याकडे आजार लपवायची एक सोयही आहे: उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. करणारीचं कौतुकच होतं, ताटाकडे कुणी बघत नाही. तेव्हा मुलगी उपास किती करते यापेक्षा तो सोडते का, ते बघा. संकष्टीला चंद्र उगवून गेला तरी तिचं ताट तसंच असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. कुठं जायचं ते कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगते, १४४१६.