करवंटीतलं बिऱ्हाड



भिगवणच्या बाजारातून उजनीची चिलापी आणणाऱ्या कुणी ऐकत असाल, तर आजचा मासा तुम्हाला अगदीच परका वाटायचा नाही. चिलापीच्या कुळाला सिक्लिड म्हणतात. चिलापी मूळची आफ्रिकेची, आपल्या देशात आणली १९५२ साली. कोकणच्या खाडीतला कळुंदर याच कुळातला. आणि याच कुळातले बोटाएवढे रंगीत मासे हल्ली पुण्यात दुकानांतून मिळतात. त्यातले दोन नेहमी दिसतात. निळसर ठिपक्यांचा रॅम, तो दक्षिण अमेरिकेतला. दुसरा क्रिबेन्सिस, नायजेरियाकडचा. त्याला दुकानदार नुसतं क्रिब म्हणतात. क्रिबची मादी नरापेक्षा देखणी. पोट जांभळट लाल, पिकल्या जांभळासारखं.

आमच्या बचत गटानं ठरवलं, आधी एक टाकी ठेवून शिकायचं, मग पिल्लं वाढवून विकायची. सकाळी टाकी भरली, संध्याकाळी चार रॅम सोडले. पाचव्या दिवशी एकही उरला नाही. पैसे गटाचे होते आणि मीटिंगमध्ये हिशेब मला द्यायचा होता. त्या दिवशी मान वर झाली नाही माझी.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. मासा पाण्यातच घाण करतो, उरलेलं खाणंही तिथंच कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विष. तो पचवणारे बारीक जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढतात, पण नव्या टाकीत ते नसतातच. आपण दुधाला विरजण लावून रात्रभर थांबतो ना, तसंच हे. फक्त इथं रात्र नाही, चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी बिनमाशाची चालू ठेवायची आणि रोज चिमूटभर खाणं टाकायचं. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या स्पंजाचं पाणी आपल्या टाकीत पिळायचं. हेच विरजण. पुढं स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला की क्लोरीननं जिवाणू मेले, पुन्हा पहिले पाढे.

आता पाणी. पुण्यात नळाला खडकवासल्याचं, म्हणजे धरणाचं मऊ पाणी येतं. तुमच्याकडे बोअरचं असेल, भांड्यावर पांढरा थर बसत असेल, तर ते जड पाणी. रॅमला मऊ पाणी लागतं आणि ऊबही जास्त, २७ अंशांच्या वर. क्रिब जड पाण्यातही निभावून नेतो. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही क्रिबच घेतला, आणि नवीन बाईनं तोच घ्यावा असं माझं मत आहे. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरायचं. आठवड्याला टाकीतलं पाव पाणी बदलायचं. सगळं कधीच नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र १० अंशांच्या खाली जाते, तेव्हा हीटर हवाच. वीज जात असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवा.

तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटर पाणी मावतं. त्यात क्रिबची एकच जोडी. दोन जोड्या ठेवल्या की भावकीचं भांडण सुरू, आणि ते थेट जीव घेण्यापर्यंत जातं. वरच्या पाण्यात पोहणारे आठ-दहा झेब्रा डॅनिओ सोबतीला चालतात. उघड्यावर दुसरे मासे निवांत फिरताना दिसले की क्रिबही धीट होऊन बाहेर येतात. गोल्डफिश नको, तो फार घाण करतो. लांब शेपटीचे गप्पीही नकोत, त्यांच्या शेपट्या कुरतडल्या जातात. तळाला बारीक वाळू, आणि नारळाची अर्धी करवंटी दाराएवढी कापून पालथी घालायची. तेच त्यांचं बिऱ्हाड.

खायला घालण्यात मात्र आपण बायका चुकतोच. घरी आलेल्याला पोटभर वाढायची सवय, ती इथंही! घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकतो, ते वाहत्या पाण्यात. टाकीत कणीक, चुरमुरे, पाव काही नको. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्या टाकीला गुरुवार असतो. रोज बुडणारं दाणेदार खाणं, अधूनमधून गोठवलेल्या अळ्या किंवा आर्टेमिया, कधी सोललेला उकडलेला वाटाणा. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स स्वस्त मिळतात, पण त्यासोबत रोगही येतो. आणि डासांच्या अळ्यांसाठी घरात पाणी साठवू नका, डेंग्यू घरी यायचा.

जोडी जमली की मादी करवंटीच्या आत छताला अंडी चिकटवते. मग दोघंही पहारा करतात. डॅनिओंना वरच्या कोपऱ्यात हाकलतात. पिल्लं पोहू लागली की आई पुढं आणि पिल्लांचा ढग मागं. त्यांना नुकती उबवलेली आर्टेमियाची पिल्लं दिवसातून तीन-चार वेळा लागतात. उकडलेल्या अंड्याचा बलकही चालतो, पण टाचणीच्या टोकाएवढा. आमच्या एका मैत्रिणीनं अर्धा चमचा घातला, दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं आणि पिल्लं गेली.

पिल्लं वाढवण्याआधी दुकानदाराला विचारा, घेणार का आणि केवढी झाल्यावर. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या रंगीत मासे युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरलेला होता आणि महिलांसाठी त्यावर ६० टक्के अनुदान होतं. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण गटाची एक टाकी वर्षभर नीट चालल्याशिवाय अर्ज करू नका. आम्ही अजून केलेला नाही.

उरलेली पिल्लं ओढ्यात, विहिरीत सोडायची नाहीत. चिलापी आपल्या पाण्यात कशी पसरली ते भिगवणच्या कोळी बायकांना विचारा. जास्तीची पिल्लं आम्ही दुसऱ्या गटाला देतो, आणि सोबत स्पंजाचा एक तुकडा, पिशवीतल्या पाण्यात ओला ठेवून.