होडीचे इंजिन आणि हरवलेली ठिणगी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. विद्वत्तेचे व्याख्यान देण्याचा अधिकार मजजवळ नाही. परंतु दर्यावर पोट असलेल्या घरात माझा जन्म झाला, आणि घरच्याच होडीच्या इंजिनाने मला एक धडा शिकविला. तो आपणांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

सन १९९३ च्या नारळी पौर्णिमेनंतरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ दोन गड्यांसह मालवणच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन गेला. परतताना इंजिन बंद पडले. दोरी ओढून हात सोलले, प्लग बदलला, तरी इंजिन सुरू होईना. वारा खडकांकडे लोटीत होता. नांगर लागला आणि होडीत वल्ही होती, म्हणूनच ते तिघे पहाटे घरी आले. मिस्त्रीने कॉइल गेली असे सांगितले. भावजयीच्या पाटल्या गहाण ठेवून नवी कॉइल बसविली, आणि आठ दिवसांत इंजिन पुन्हा समुद्रात थांबले. शेवटी दोष सापडला तो इंजिन बंद करावयाच्या बटणाच्या तारेत! तारेवरचे आवरण घासून गेले होते, एवढेच.

मोठ्या मच्छीमार नौकांची डिझेल इंजिने ठिणगीवाचून चालतात. त्यांविषयी मी बोलत नाही. लहान होड्यांना मागे लावलेल्या पेट्रोल-रॉकेलच्या जुन्या इंजिनांना मात्र ठिणगी हवीच. त्यांच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक असते. ते कॉइलजवळून फिरले की तारेत वीज उत्पन्न होते. हा नियम फॅरेडेने १८३१ साली शोधला. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, आणि कॉइलच्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी उडते. सातवीच्या वर्गात चुंबक आणि वीज मी वर्षानुवर्षे शिकविली. परंतु तोच पाठ आमच्या होडीत फिरत आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते!

आता दोष शोधावयाचा तो क्रमाने. दोरी काही वेळा ओढून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर आधी तेलाची वाट तपासावी. तो ओला असेल तर तेल पोहोचत आहे; मग संशय ठिणगीवर घ्यावा. रॉकेलाने आणि तेलाने प्लगवर काजळी धरते. ती पुसून, ब्रशाने घासून, प्लग सुकवावा.

त्यानंतर सांडलेले पेट्रोल पुसून, वाफ उडून जाऊ द्यावी. प्लग टोपणात बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावे. तो प्लगच्या भोकापासून दूर असावा, आणि हातात मुळीच धरू नये. दोरी ओढली असता निळी, कडक ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळी, दुबळी दिसली तर दोष आहे. मुळीच दिसली नाही तर आधी नवा प्लग लावून पाहावा.

इंजिन दोन सिलिंडरचे असल्यास एक प्रश्न स्वतःस विचारावा : ठिणगी एकीकडेच नाही, की दोन्हीकडे? एकीकडेच नसेल तर त्या बाजूची कॉइल, तार किंवा पॉइंट पाहावे. दोन्हीकडे नसेल तर दोष दोहोंना समाईक असलेल्या भागात असण्याचा संभव अधिक. आणि असा भाग म्हणजे बंद करण्याचे बटण. हे बटण कॉइलची वीज इंजिनाच्या अंगात उतरवून इंजिन थांबविते. त्याची तार घासून धातूला लागली की बटण सदाच दाबलेले राहिल्यासारखे होते. म्हणून ती तार सोडून पुन्हा परीक्षा करावी. ठिणगी आली तर चोर सापडला. मात्र तार दुरुस्त करून पुन्हा जोडावी. नाहीतर इंजिन बटणाने थांबणार नाही.

एवढ्यानेही भागले नाही तर प्लगकडे जाणारी जाड तार अंधारात पाहावी. ती चिरली असल्यास ठिणगी बाहेर पळताना दिसते. त्यानंतरच फ्लायव्हील काढावे, आणि तेही पुलरने, हातोड्याने नव्हे. पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनाच्या पॉइंटवर खाऱ्या हवेने गंज धरतो. बारीक पॉलिश कागदाने तो काढून पॉइंट पेट्रोलने स्वच्छ पुसावेत. ते पूर्ण उघडले असता मधली फट इंजिनाच्या पुस्तकात दिल्याइतकीच ठेवावी. पुष्कळ जुन्या इंजिनांत ती ०.३५ ते ०.५ मिलीमीटर असते. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. इंजिन थंडपणी चालते, तापले की थांबते, निवले की पुन्हा चालते, असे असेल आणि बंद पडल्यावर ठिणगी नसेल, तर मात्र कॉइल किंवा कंडेन्सर खराब असण्याचा संभव मोठा. ठिणगी चांगली असूनही इंजिन उलट झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची अर्धचंद्राकृती चावी तुटली आहे काय, ते पाहावे. ज्या इंजिनांत पॉइंटच नसून बंद डबी असते, तेथे आपले निरीक्षण मिस्त्रीला सांगून त्याच्या उपकरणांवर विसंबावे.

बंधूंनो, यातील मर्म एवढेच की, एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि फुकट तपासता येते ती आधी तपासावी. आम्ही पाटल्या आधी मोडल्या आणि तार मागाहून पाहिली.

मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येक वाडीत एक पुलर आणि फट मोजण्याच्या पट्ट्यांचा एक संच ठेवावा, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी एका रविवारी जाणत्या तांडेलांनी हे काम मुलांना प्रत्यक्ष करून दाखवावे. मुलींनाही बसवावे, पाटल्या त्यांच्याच जातात. आणि इंजिन कितीही चांगले असले तरी वल्ही, नांगर, जादा प्लग आणि त्याचा पाना यांवाचून कोणीही खाडीचे तोंड ओलांडू नये.