रक्ताचा पाट



शेताला पाणी देताना आपण काय करतो? एक वाफा भरला की दारं मोडतो आणि पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवतो. आपल्या शरीरातही रक्ताचे पाट आहेत. तिथंही पाणी वळवावं तसं रक्त वळतं. काही आडवाटा निसर्गानं केलेल्या असतात, काही डॉक्टर करतात. अशा आडवाटेला डॉक्टर शंट म्हणतात. रेल्वेचे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेतात, त्याला शंटिंग म्हणतात ना? तोच हा शब्द.

पोटातलं मूल हवेत श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो वारेतून, नाळेवाटे. मग फुप्फुसांकडे सगळं रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून त्याच्या शरीरात दोन आडवाटा असतात. एक वाट हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात. दुसरी म्हणजे एक आखूड नळी. फुप्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या नळीतलं रक्त ती अंगभर रक्त नेणाऱ्या नळीत सोडते.

मूल जन्मतं, रडतं, फुप्फुसांत हवा भरते. आता रक्त तिकडे जायलाच हवं. ती आखूड नळी आकसते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत बंद होते. पडद्यातल्या वाटेवरही झाकण बसतं. दारं धरायला कुणी गडी लागत नाही!

कधी कधी नळी उघडीच राहते. मग फुप्फुसांत रक्त जास्त जातं आणि हृदयावर भार पडतो. १९३८ साली अमेरिकेत बोस्टन शहरी डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची अशी नळी बांधून बंद केली. मुलगी बरी झाली.

निळ्या मुलांची गोष्ट याच्या उलट. त्यांचे ओठ, जीभ, नखं निळसर दिसतात. चार पावलं धावलं की दम लागतो आणि मूल उकिडवं बसतं. तसं बसल्यावर त्याला बरं वाटतं. आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, आईनं ग्रहण पाळलं नाही. ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही. त्या माउलीला उगाच बोल लावू नये. बहुतेकांत दोष असा असतो: फुप्फुसांकडची वाट अरुंद, आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत भोक. मग काळसर रक्त फुप्फुसांत न जाता भोकातून पलीकडे जातं आणि तसंच अंगभर फिरतं.

बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग नावाच्या बाई होत्या. त्यांना कमी ऐकू येई. मुलाच्या छातीवर हात ठेवून त्या ठोके ओळखत. त्यांनी पाहिलं की आखूड नळी उघडी आहे तोवर निळं मूल तग धरतं. नळी मिटली की ढासळतं. मग तशी नळी नवी करता आली तर? त्यांनी डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांना विचारलं.

ब्लेलॉक यांच्याजवळ व्हिवियन थॉमस काम करत. काळ्या वर्णाचे, आधी सुतारकाम केलेले. कॉलेजसाठी साठवलेले पैसे बँक बुडाली तेव्हा गेले. पगारपत्रकात त्यांची जागा सफाई कामगारांच्या वर्गात होती. पण कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून ती बसवली त्यांनीच. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या एका अशक्त मुलीवर ती झाली. डाव्या हाताकडे जाणारी रक्ताची नळी वळवून फुप्फुसाच्या नळीला जोडली. हाताचं काय, असं तुम्ही विचाराल. हाताला आजूबाजूच्या लहान नळ्या रक्त पुरवतात. ब्लेलॉक टाके घालत होते आणि थॉमस मागे स्टुलावर उभे राहून सांगत होते. ती मुलगी पुढं काही महिन्यांनी वारली. पण नंतरच्या एका मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. थॉमस यांना विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टर पदवी दिली, ती १९७६ साली. फार उशीर झाला, असं आम्हाला वाटतं.

आज पुष्कळ मुलांचा दोष एकाच मोठ्या शस्त्रक्रियेनं दुरुस्त करतात. बाळ फार लहान असेल, तर कधी कधी आधी बारीक कृत्रिम नळी बसवून शंट करतात. पण ही सोय तात्पुरती असते. मूल वाढतं, नळी वाढत नाही. ती तुंबूही शकते. मूल गुलाबी झालं, म्हणजे काम झालं, असं समजून काही आईबाप परत दवाखान्यात जातच नाहीत. रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दिलेल्या तारखेला जा.

मूल निळं दिसलं, दूध पिताना घामाघूम होऊ लागलं, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येतं. हृदयाचे जन्मजात दोष त्या तपासणीत येतात. पुढचा उपचारही त्यातून मोफत होतो. पथक कधी येणार, ते अंगणवाडीताईंना विचारा. मात्र मूल एकदम जास्त निळं पडलं, तर पथकाची वाट पाहू नका. त्याचे गुडघे छातीशी धरा आणि लगेच १०८ ला फोन करा.